एककांचा पाया : धातूच्या ठोकळ्यापासून निसर्गाच्या स्थिरांकांपर्यंत

एखादी राशी मोजायची म्हणजे त्याच जातीच्या, आधी ठरवून घेतलेल्या प्रमाणाशी तिची तुलना करायची. या ठरलेल्या प्रमाणाला एकक म्हणतात. कापड अडीच मीटर आहे असे म्हटले की त्यात दोन गोष्टी येतात : अडीच हा आकडा आणि मीटर हे एकक. आकडा मोजणीतून निघतो, एकक मात्र मोजणीच्या आधीपासून हाताशी असावे लागते आणि देणारा व घेणारा या दोघांनाही ते मान्य असावे लागते. म्हणून एककाच्या व्याख्येकडून तीन अपेक्षा असतात. ते काळाबरोबर बदलू नये, ते कोणत्याही देशातल्या माणसाला उपलब्ध असावे आणि त्याची अचूकता त्या काळातल्या सर्वांत काटेकोर कामालाही पुरावी.

या अपेक्षा पुऱ्या करण्यासाठी आज जगभर जी पद्धती वापरतात ती आंतरराष्ट्रीय एकक पद्धती, म्हणजेच एसआय. तिची मूलभूत एकके सात आहेत. २० मे २०१९ पासून या सातही एककांच्या व्याख्या निसर्गातील व मापनशास्त्रातील स्थिरांकांची मूल्ये निश्चित करून दिल्या जातात. कोणत्याही कपाटातल्या वस्तूवर आता एकही एकक अवलंबून नाही. तिथवर पोहोचायला सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली.

स्थानिक मापांचा काळ

बोट, वीत, हात ही लांबीची मापे शरीरावरून आली, त्यामुळे माणूस बदलला की माप बदले. महाराष्ट्रात धान्य तोलण्यापेक्षा मापाने भरून देण्याची रीत होती. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी ही कोष्टके मुले पाठ करीत, पण मण किती पायल्यांचा हे मुलखावर ठरे. कुठे तो १२ पायल्यांचा होता, तर कुठे १६. वजनाच्या मणाचीही तीच गत. ब्रिटिश अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा अधिक होता. आजच्या मापात सांगायचे तर अनुक्रमे सुमारे १२.७, ११.३ आणि ३७.३ किलोग्रॅम. नाव एकच आणि वजनात तिपटीचा फरक. अशा व्यवहारात ज्याला कोष्टके येत त्याची चलती असे आणि ज्याला येत नसत त्याला समोरच्याच्या शब्दावर विसंबावे लागे.

युरोपातही स्थिती वेगळी नव्हती. फ्रान्समध्ये जमीनदार आपापल्या हद्दीतले माप ठरवीत आणि त्याच मापाने धान्याच्या रूपात सारा वसूल करीत. माप थोडे मोठे केले की दर न वाढवता सारा वाढे. १७८९ मध्ये राज्यक्रांतीच्या तोंडावर राजाकडे गेलेल्या गाऱ्हाण्यांच्या याद्यांत सर्व राज्यात एकच माप असावे ही मागणी वारंवार आढळते. दशमान पद्धतीचा जन्म या मागणीतून झाला.

पृथ्वीवरून घेतलेला मीटर

नवे माप कोणत्याही राजाच्या किंवा गावाच्या नावावर नसावे, ते निसर्गातून घेतलेले असावे, असे फ्रेंच शास्त्रज्ञांनी ठरवले. एक पर्याय लंबकाचा होता : ज्याचा एक झोका बरोबर एका सेकंदाचा असेल त्या लंबकाची लांबी हे एकक मानावे. पण गुरुत्वाकर्षण जागोजागी थोडे बदलते, त्यामुळे ही लांबीही जागेप्रमाणे बदलते. १७९१ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने दुसरा पर्याय निवडला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या रेखावृत्ताच्या लांबीचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर.

एवढे अंतर कोणी चालत जाऊन मोजू शकत नव्हते. म्हणून उत्तरेला डंकर्क ते दक्षिणेला बार्सिलोना हा सुमारे १,००० किलोमीटरचा पट्टा मोजून उरलेले गणिताने काढायचे ठरले. १७९२ मध्ये दलांब्र यांनी उत्तरेचा आणि मेशँ यांनी दक्षिणेचा भाग हाती घेतला. पद्धत त्रिकोणमालेची होती. चर्चचे मनोरे, किल्ले, डोंगरमाथे अशी ठिकाणे निवडून त्यांच्यामधले कोन मोजायचे, एक-दोन पायारेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायच्या आणि बाकीच्या बाजू त्यावरून काढायच्या. काळ क्रांतीचा होता. मनोऱ्यांवर खुणेसाठी लावलेले पांढरे कापड राजनिष्ठांच्या झेंड्यासारखे दिसे, त्यामुळे मोजणी करणारेच हेर ठरत आणि अडवले जात.

मेशँ यांच्यापुढे निराळाच पेच उभा राहिला. फ्रान्स आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटल्याने ते बार्सिलोनात अडकले. तिथल्या दोन जवळच्या ठिकाणांहून त्यांनी ताऱ्यांच्या वेधांनी अक्षांश काढले. दोन्ही निकालांत सुमारे तीन विकलांची तफावत आली, म्हणजे जमिनीवर जवळजवळ ९० मीटरांची. प्रत्येक ठिकाणचे वेध आपापसांत उत्तम जुळत होते, तरीही दोन ठिकाणे एकमेकांशी जुळत नव्हती. यादृच्छिक चूक आणि एकाच दिशेला ढळणारी चूक यांतला फरक त्या काळी शास्त्राला स्पष्ट झालेला नव्हता. मेशँ यांनी तो सारा दोष स्वतःकडे घेतला आणि तफावत दडवून ठेवली. १८०४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती त्यांच्या कागदपत्रांतून दलांब्र यांच्या नजरेस आली.

१७९९ मध्ये या मोजणीवरून प्लॅटिनमची मीटरपट्टी तयार झाली. तिच्याबरोबर प्लॅटिनमचा किलोग्रॅमही झाला. पाण्याची घनता ज्या तापमानाला सर्वाधिक असते त्या सुमारे ४ अंश सेल्सिअसला एक घन डेसिमीटर, म्हणजे एक लिटर पाण्याचे जे वस्तुमान, तो एक किलोग्रॅम. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे याचा अंदाज थोडा चुकला होता, त्यामुळे ही मीटरपट्टी व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाली. तोवर ती वापरात आली होती. पुढे चूक कळली तरी पट्टीला हात लावला नाही. पृथ्वी पुन्हा मोजून दरवेळी मीटर बदलण्यापेक्षा पट्टीलाच मीटर मानणे सोयीचे होते. निसर्गावरून घेतलेले माप अशा रीतीने एका वस्तूच्या स्वाधीन झाले. खुद्द फ्रान्समध्येही लोकांनी जुनी मापे लगेच सोडली नाहीत. दशमान मापे तिथे कायमची सक्तीची झाली ती १८४० पासून.

मीटर करार आणि प्लॅटिनमचे ठोकळे

एकोणिसाव्या शतकात रेल्वे, तारायंत्र आणि मोठी औद्योगिक प्रदर्शने यांमुळे देशांना एका मापाची गरज भासू लागली. २० मे १८७५ रोजी पॅरिसमध्ये १७ देशांनी मीटर करारावर सह्या केल्या. त्यातून आंतरराष्ट्रीय वजने व मापे कार्यालय उभे राहिले. पॅरिसजवळच्या सेव्र येथे ते आजही काम करते. एककांसंबंधीचे अंतिम निर्णय सदस्य देशांची सर्वसाधारण परिषद घेते. करारावर सह्या झाल्या तो २० मे हा दिवस जागतिक मापनशास्त्र दिन म्हणून पाळला जातो.

१८८९ मधल्या पहिल्या परिषदेने नव्या मूळ प्रमाणांना मान्यता दिली. दोन्ही ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियम यांच्या मिश्रधातूची होती. मीटरपट्टीवर दोन बारीक रेघा होत्या. बर्फ वितळण्याच्या तापमानाला त्या रेघांमधले अंतर म्हणजे एक मीटर. किलोग्रॅम हा सुमारे ३९ मिलिमीटर उंचीचा आणि तेवढ्याच व्यासाचा दंडगोल होता. त्याच्या प्रती सदस्य देशांना वाटण्यात आल्या. भारताकडे ५७ क्रमांकाची प्रत आहे आणि ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत असते.

सेव्र येथील मूळ किलोग्रॅमची जपणूक कमालीची कडक होती. काचेच्या एकात एक घातलेल्या तीन झाकणांखाली, तळघरातल्या तिजोरीत तो ठेवलेला असे. तिजोरी उघडायला तीन वेगवेगळ्या व्यक्तींकडच्या तीन किल्ल्या एकत्र याव्या लागत. तोलण्याआधी त्याला ईथर आणि अल्कोहोलात भिजवलेल्या मऊ चामड्याने पुसून, दोनदा ऊर्ध्वपातित केलेल्या पाण्याच्या वाफेने धूत. इतके करूनही, १९४६ च्या सुमारास आणि नंतर १९८८ ते १९९२ या काळात जगभरच्या प्रती त्याच्याशी ताडून पाहिल्या तेव्हा बहुतेक प्रती त्याच्या तुलनेत हळूहळू जड होत असल्याचे दिसले. शंभर वर्षांतला फरक सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा होता, बोटाच्या एका ठशाने धातूवर उरणाऱ्या थराइतका.

फरकाच्या आकाराहून मोठा प्रश्न त्याच्या अर्थाचा होता. प्रती जड झाल्या की मूळ ठोकळा हलका झाला, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नव्हता. व्याख्येनुसार मूळ ठोकळा नेहमीच नेमका एक किलोग्रॅम होता. त्याचे काही अणू झडले असते तर कायद्याच्या भाषेत विश्वातल्या बाकी सर्व वस्तूंचे वस्तुमान वाढले असते. वस्तूवर आधारलेल्या व्याख्येची मर्यादा इथे उघडी पडली.

एसआय पद्धतीची बांधणी

लांबी आणि वस्तुमान यांपलीकडच्या राशींसाठी बराच काळ वेगवेगळ्या पद्धती चालू होत्या. पदार्थवैज्ञानिक सेंटिमीटर, ग्रॅम, सेकंद वापरीत, अभियंते मीटर, किलोग्रॅम, सेकंद, आणि विजेसाठी आणखी निराळी एकके असत. यांत्रिक आणि विद्युत् एकके एकाच पद्धतीत कशी बसवता येतील हे १९०१ मध्ये इटलीचे अभियंते जॉर्जी यांनी दाखवले. त्या धर्तीवर वाढत गेलेल्या पद्धतीला १९६० च्या अकराव्या परिषदेने आंतरराष्ट्रीय एकक पद्धती हे नाव दिले.

तेव्हा मूलभूत एकके सहा होती : लांबीसाठी मीटर, वस्तुमानासाठी किलोग्रॅम, काळासाठी सेकंद, विद्युतप्रवाहासाठी अँपिअर, तापमानासाठी केल्व्हिन आणि प्रकाशाच्या तीव्रतेसाठी कँडेला. १९७१ मध्ये पदार्थाच्या प्रमाणासाठी मोल हे सातवे एकक आले. बाकीची एकके या सातांच्या गुणाकार-भागाकारांतून तयार होतात, त्यांना साधित एकके म्हणतात. एक किलोग्रॅम वस्तुमानाला दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवून देणारे बल म्हणजे एक न्यूटन. एक न्यूटन बलाने एक मीटर विस्थापन घडले की एक ज्यूल कार्य होते आणि सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. अशा २२ साधित एककांना स्वतंत्र नावे आहेत.

या बांधणीचे मोठे बळ असे की एका एककातून दुसऱ्यात जाताना मधे कोणताही गुणक लागत नाही. सूत्रात सर्व राशी एसआय एककांत घातल्या की उत्तरही एसआय एककातच येते. जिथे ही शिस्त सुटते तिथे गुणक लगेच डोके वर काढतो. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. त्यात तास आल्यामुळे त्याचे ज्यूल करताना ३६ लाखांनी गुणावे लागते.

या पद्धतीत वस्तुमान आणि वजन यांत काटेकोर भेद आहे. बाजारात ज्याला वजन म्हणतात ते बहुधा वस्तुमान असते आणि त्याचे एकक किलोग्रॅम. शास्त्रात वजन म्हणजे त्या वस्तुमानावरचे पृथ्वीचे आकर्षणबल आणि त्याचे एकक न्यूटन. एक किलोग्रॅम वस्तूचे वजन सुमारे ९.८ न्यूटन भरते, आणि विषुववृत्तापेक्षा ध्रुवावर ते सुमारे अर्ध्या टक्क्याने अधिक असते. वस्तुमान मात्र दोन्हीकडे तेच राहते.

सेकंद आणि मीटर : पहिली दोन पावले

पूर्वी दिवसाचा ८६,४०० वा भाग म्हणजे सेकंद मानत. पण चंद्रामुळे होणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन मंदावत आहे. दर शतकाला दिवस सुमारे २ मिलिसेकंदांनी लांबतो, शिवाय तो अनियमितपणे कमीजास्तही होतो. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये एसेन आणि पॅरी यांनी सीझियम अणूवर चालणारे पहिले खात्रीचे घड्याळ चालवून दाखवले. सीझियम-१३३ अणूच्या दोन अगदी जवळच्या ऊर्जापातळ्यांमधल्या संक्रमणाला ठराविक वारंवारतेचे सूक्ष्मतरंग लागतात. ही वारंवारता प्रत्येक सीझियम अणूत, कुठेही आणि कधीही, तीच असते. १९६७ मध्ये त्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने होण्यास लागणारा काळ म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या झाली. आजच्या उत्तम सीझियम घड्याळांत लेझरने थंड केलेले अणू कारंज्यासारखे वर उडवून, वर जाताना आणि खाली येताना त्यांचे वेध घेतात. अशा घड्याळात एका सेकंदाचा फरक पडायला १० कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल.

मीटरने वस्तूची साथ १९६० मध्येच सोडली होती. क्रिप्टॉन-८६ अणूच्या नारिंगी-तांबड्या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या म्हणजे एक मीटर, असे त्या वर्षी ठरले. पुढे लेझर आले आणि प्रकाशाचा वेग इतक्या अचूकपणे मोजता येऊ लागला की अडचण मीटरच्या व्याख्येतच आहे असे दिसले. १९८३ मध्ये परिषदेने प्रश्न उलटा केला. निर्वातातील प्रकाशाचा वेग सेकंदाला नेमका २९,९७,९२,४५८ मीटर आहे असे ठरवून टाकले आणि प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो त्याला मीटर म्हटले. तेव्हापासून प्रकाशाचा वेग मोजण्याची गोष्ट उरली नाही, त्याच्या आधाराने लांबी मोजली जाते. स्थिरांकाचे मूल्य कायम करायचे आणि त्यातून एकक काढायचे, ही रीत इथे पक्की झाली.

किलोग्रॅमची नवी व्याख्या

किलोग्रॅमसाठी हीच वाट अवघड होती, कारण रोजच्या आकाराचे वस्तुमान अणूंच्या पातळीवरच्या एखाद्या स्थिरांकाला अब्जांशांच्या अचूकतेने जोडायचे होते. दोन स्वतंत्र मार्गांनी ते साधले.

पहिला मार्ग किबल तराजूचा. ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत त्याची कल्पना मांडली. या तराजूत वस्तुमानाच्या जोडीला तारेची एक गुंडाळी चुंबकीय क्षेत्रात टांगलेली असते. पहिल्या टप्प्यात गुंडाळीतून प्रवाह सोडून वस्तूचे वजन बरोबर तोलतात. तोलणारे बल प्रवाहावर, चुंबकीय क्षेत्रावर आणि तारेच्या लांबीवर अवलंबून असते. शेवटच्या दोन गोष्टी पुरेशा अचूकतेने मोजणे फार कठीण आहे. म्हणून दुसऱ्या टप्प्यात तीच गुंडाळी त्याच क्षेत्रातून ज्ञात वेगाने हलवतात आणि तिच्यात निर्माण होणारा विद्युत् दाब मोजतात. हा दाबही त्याच क्षेत्रावर आणि त्याच लांबीवर अवलंबून असतो. दोन्ही समीकरणे एकत्र केली की त्या दोन्ही गोष्टी गळून पडतात. उरते ते इतकेच : वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि वेग यांचा गुणाकार बरोबर विद्युत् दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. डावीकडे यांत्रिक शक्ती आहे आणि उजवीकडे विद्युत् शक्ती.

उजवी बाजू अणूंच्या पातळीवरच्या स्थिरांकाशी, म्हणजे प्लांक स्थिरांकाशी, जोडण्याचे काम दोन पुंजीय आविष्कारांनी केले. १९६२ मध्ये जोसेफसन यांनी भाकीत केलेल्या परिणामामुळे विद्युत् दाब थेट वारंवारतेवरून ठरवता येतो. १९८० मध्ये फॉन क्लित्झिंग यांना आढळलेल्या पुंजीय हॉल परिणामामुळे विद्युत् रोध केवळ प्लांक स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांवरून मिळतो. वेग लेझरने आणि गुरुत्वत्वरण निर्वातात पडणाऱ्या आरशाने मोजतात. किबल यांचे २०१६ मध्ये निधन झाले. त्यानंतर या तराजूला त्यांचे नाव देण्यात आले.

दुसरा मार्ग अणू मोजण्याचा. जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ या समस्थानिकाचा एक स्फटिक वाढवून त्यातून सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचा, एक किलोग्रॅमचा अतिशय गुळगुळीत गोल घडवला. स्फटिकाच्या एका घटक पेटीत आठ अणू असतात. पेटीची बाजू क्ष-किरणांनी आणि गोलाचा व्यास लेझरने मोजला की गोलात किती अणू आहेत ते काढता येते. या संख्येवरून ॲव्होगाड्रो स्थिरांक मिळतो आणि त्यातून प्लांक स्थिरांकही. वीज आणि स्फटिक हे दोन्ही मार्ग वेगळे असूनही एकच उत्तर देऊ लागले, तेव्हाच बदलाला हिरवा कंदील मिळाला.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे भरलेल्या सव्विसाव्या परिषदेने मतदानाने नव्या व्याख्या स्वीकारल्या. प्लांक स्थिरांकाचे मूल्य ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात ज्यूल-सेकंद असे कायम झाले आणि त्यावरून किलोग्रॅम ठरू लागला. अमलासाठी २० मे २०१९ हा मीटर कराराचा दिवस निवडला. त्या दिवशी दुकानातल्या कोणत्याही किलोच्या वजनात काही फरक पडला नाही. आधीचे माप आणि नवे माप जुळावे अशाच बेताने स्थिरांकाचे मूल्य निवडले होते.

व्याख्या बदलल्याने प्रयोगशाळांचे काम संपलेले नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी नव्या व्याख्येवरून काढलेले किलोग्रॅम आपापसांत हवे तितके जुळत नव्हते, म्हणून १ फेब्रुवारी २०२१ पासून त्यांच्या निकालांवरून काढलेले सहमतीचे मूल्य जगभर वापरले जाते. ज्या दिवशी हे निकाल पुरेसे जुळतील त्या दिवशी कोणताही सुसज्ज देश स्वतःचा किलोग्रॅम स्वतः सिद्ध करू शकेल.

उरलेली चार एकके

अँपिअरची १९४८ ची व्याख्या अनंत लांबीच्या दोन समांतर तारांमधल्या बलावर होती. अशा तारा प्रत्यक्षात करता येत नाहीत. आता इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचे मूल्य १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम असे निश्चित आहे, आणि त्यावरून अँपिअर म्हणजे ठराविक संख्येने सेकंदाला वाहणारे विद्युतभार, असा सरळ अर्थ लागतो.

केल्व्हिन पूर्वी पाण्याच्या त्रिबिंदूवर, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात त्या तापमानावर आधारलेला होता. पण पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण बदलले की हा बिंदू किंचित सरकतो, त्यामुळे कोणत्या पाण्याचा तो घ्यायचा हेही सांगावे लागे. आता बोल्ट्समन स्थिरांकाचे मूल्य १.३८०६४९ गुणिले १० चा उणे २३ वा घात ज्यूल प्रति केल्व्हिन असे ठरले आहे. तापमान म्हणजे कणांच्या गतीची ऊर्जा, हा अर्थ व्याख्येतच आला.

मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंची संख्या शोधावी लागे, आता ती संख्याच दिलेली आहे. कँडेला या एककात मानवी डोळा गुंतलेला आहे. डोळा ज्या हिरव्या प्रकाशाला जवळजवळ सर्वाधिक प्रतिसाद देतो त्याच्या, म्हणजे ५४० टेराहर्ट्झ वारंवारतेच्या प्रकाशाची दर वॅटमागची दीप्ती ६८३ ल्यूमेन असे १९७९ मध्येच ठरले होते, आणि २०१९ मध्ये तेच नव्या भाषेत मांडले गेले.

उपसर्ग आणि लेखनाचे नियम

फार मोठ्या आणि फार लहान राशींसाठी दहाच्या घातांचे उपसर्ग आहेत : किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, मिली म्हणजे हजारावा भाग, नॅनो म्हणजे अब्जावा भाग. माहितीचे साठे प्रचंड वाढल्याने २०२२ मध्ये चार नवे उपसर्ग स्वीकारले गेले. रॉना म्हणजे १० चा २७ वा घात आणि क्वेटा म्हणजे ३० वा घात, तर रॉन्टो आणि क्वेक्टो हे त्यांचे उलटे. एकावर एक दोन उपसर्ग लावत नाहीत. किलोग्रॅमच्या नावातच उपसर्ग असल्यामुळे त्याचे उपसर्ग ग्रॅमला लावतात. म्हणून किलोग्रॅमचा दशलक्षावा भाग मिलिग्रॅम होतो, मायक्रोकिलोग्रॅम होत नाही.

चिन्हांबाबतही नियम कडक आहेत. चिन्हाचे अनेकवचन होत नाही, त्यानंतर पूर्णविराम देत नाहीत आणि आकडा व चिन्ह यांत जागा सोडतात. एककांचा घोळ किती महाग पडतो याची दोन उदाहरणे नोंदलेली आहेत. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन लागणार होते. हिशेब करणाऱ्यांनी किलोग्रॅमऐवजी पौंडांचा घनतेचा आकडा घेतला, त्यामुळे विमान निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन उडाले. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले म्हणून सगळे बचावले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळावर पाठवलेले अमेरिकेचे एक यान नष्ट झाले. त्याच्या रेट्याची माहिती एका संगणक कार्यक्रमाने पौंड-सेकंदांत दिली होती आणि दुसऱ्याने ती न्यूटन-सेकंदांत आहे असे गृहीत धरले. या दोहोंत सुमारे ४.४५ पटीचा फरक आहे. यान ठरल्यापेक्षा फारच खालच्या उंचीवरून गेले.

भारतातील दशमान पद्धत

भारतात १९५६ मध्ये वजने व मापे यांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. १९५७ मध्येच भारत मीटर करारात सामील झाला. सध्या वैध मापन कायदा २००९ लागू आहे. १ एप्रिल २०११ पासून तो अमलात आला.

दुकानातले वजन खरे आहे याची खात्री एका साखळीने मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे राष्ट्रीय प्रमाणे असतात. त्यांच्याशी ताडलेली संदर्भ प्रमाणे, त्यांच्याशी ताडलेली दुय्यम प्रमाणे आणि शेवटी निरीक्षकाच्या हातातली कार्य प्रमाणे. महाराष्ट्रात हे काम वैध मापन शास्त्र यंत्रणा करते. वजनांची पडताळणी व मुद्रांकन २४ महिन्यांतून एकदा आणि इलेक्ट्रॉनिक काट्यांचे दर १२ महिन्यांनी करून घ्यावे लागते. भाजीवाल्याच्या वजनावरचा ठसा म्हणजे या साखळीची शेवटची कडी. भारतीय प्रमाणवेळही याच प्रयोगशाळेतल्या सीझियम घड्याळांवर चालते.

फ्रान्समध्ये १७९५ च्या कायद्याने जी पहिली नावे ठरली त्यांत मीटर, ग्रॅम आणि लिटर यांच्या जोडीला आर हेही होते. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद जमीन म्हणजे एक आर. हे एकक आता एसआयमध्ये नाही, पण महाराष्ट्राच्या सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असेच लिहिले जाते. बोलण्यातला गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटरांचा, तर आर नेमका १०० चौरस मीटरांचा. म्हणून ४० गुंठ्यांचा एक एकर उताऱ्यावर ० हेक्टर, ४० आर, ४७ चौरस मीटर असा दिसतो. गुंठा आणि आर सारखेच समजले तर एकरामागे जवळजवळ अर्ध्या गुंठ्याची चूक होते. सोन्याच्या तोळ्याचेही तसेच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आजच्या बोलण्यातला तोळा १० ग्रॅमचा धरतात. जुनी नावे टिकली तरी त्यांच्यामागचे माप आता किलोग्रॅम आणि मीटर यांवरूनच ठरते.

सेकंदाची पुढची व्याख्या

सात एककांत सेकंदाचे स्थान विशेष आहे. मीटर, किलोग्रॅम, अँपिअर, केल्व्हिन आणि कँडेला या सर्वांच्या व्याख्यांत तो येतो, फक्त मोल त्याच्यावाचून उभा राहतो. म्हणून सेकंद अचूक झाला की जवळजवळ सगळी पद्धती अचूक होते. स्ट्रॉन्शिअम किंवा इटर्बिअम अणूंच्या दृश्य प्रकाशाच्या वारंवारतेवर चालणारी नवी घड्याळे सीझियम घड्याळांपेक्षा सुमारे शंभरपट अचूक झाली आहेत. अशी दोन घड्याळे काही सेंटिमीटर उंचीच्या फरकाने ठेवली तरी गुरुत्वाकर्षणामुळे त्यांच्या गतीत पडणारा फरक मोजता येतो. त्यामुळे दोन देशांतली घड्याळे ताडून पाहताना त्यांची समुद्रसपाटीपासूनची उंचीही सेंटिमीटरपर्यंत ठाऊक असावी लागते.

२०२२ च्या परिषदेने सेकंदाच्या नव्या व्याख्येची तयारी २०३० च्या परिषदेपर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवले. कोणता अणू निवडायचा, की अनेक संक्रमणांचा मिळून एक आधार घ्यायचा, यावर काम चालू आहे. निर्णय काहीही झाला तरी नवा सेकंद जुन्या सेकंदाशी आजच्या सर्वोत्तम अचूकतेपर्यंत जुळवूनच स्वीकारला जाईल, म्हणजे आधीच्या सर्व नोंदी आणि मोजमापे तशीच वैध राहतील.